फुकटच्या रविवारचा हिशेब

(जुन्नर येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण. थोडी काटछाट करून.)



मी मुंबईच्या गोदीत कंत्राटी कामगार आहे. शिक्षण दहावी पास, जुन्या लोकांच्या भाषेत मॅट्रिक. कविता लिहितो. तुमच्यातले निम्मे संगणकवाले आहेत. हिंजवडीहून, खराडीहून शनिवारची एसटी धरून आलेत. कुणाच्या मनात येईल, हा पोती उचलणारा आम्हाला सॉफ्टवेअर काय शिकवणार? बरोबर आहे. सॉफ्टवेअर शिकवायला मी आलोच नाही. मी बोलणार आहे ते माणसाला कामावर घेताना काय बघतात यावर. आणि हा विषय गोदीवाल्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतो. आमचे बापजादे रोज सकाळी गेटवर उभे राहून निवडले गेलेत, नाहीतर टाकले गेलेत.

सुरवात माझ्या मावसभावापासून करतो. त्याचं नाव घेत नाही, कारण त्याला अजून नोकरी शोधायचीय. तो इथेच बसलाय, मागच्या रांगेत. मान खाली घातलेला दिसेल तो तोच.

मावशी टोमॅटो तोडायला जाते. काका नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हमाल. या पोराने कॉम्प्युटर पहिल्यांदा जवळून पाहिला तो खोडदला. तुम्हाला माहीत आहे, २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथली दुर्बीण लोकांसाठी खुली असते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही खोडदला आणि बाकीच्या आसपासच्या गावांतून पसरलेल्या. शाळेची पोरं तबकड्या बघत होती. आमचा भाऊ आत पडद्यासमोर उभा राहिला तो मास्तरांनी कानाला धरून बाहेर काढेपर्यंत हललाच नाही. पुढे तालुक्यातच बी.एस्सी. केलं, कॉम्प्युटर सायन्स. पुण्याला गेला. एका लहान कंपनीत चार वर्षं कोड लिहिला. मग एका मोठ्या कंपनीत मुलाखतीला गेला.

टेबलापलीकडे तिघे. पहिला प्रश्न, "तुझं गिटहब दाखव."

जे संगणकवाले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, मलाही एका रात्रीत सांगावं लागलं होतं. ओपन सोर्स म्हणजे असा प्रोग्राम की ज्याचा आतला मजकूर सगळ्यांसाठी उघडा ठेवलाय. कुणीही वाचावा, कुणीही वापरावा, चूक सापडली तर दुरुस्त करून मूळ सांभाळणाऱ्याकडे पाठवावी. त्याला पटली तर तो घेतो, नाही पटली तर कारण सांगून परत करतो. आपल्या या अंकासारखंच समजा. कुणीही वाचा, सायक्लोस्टाइल करा, वाटा, चूक असेल तर पत्र टाका. फरक एवढाच की तिथे प्रत्येक दुरुस्तीवर नाव आणि तारीख कायमची कोरली जाते. लिनक्स १९९१ साली असंच सुरू झालं, आज निम्मं जग त्यावर चालतंय. गिटहब ही हे सगळं काम ठेवायची जागा, २००८ सालची. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतली. म्हणजे मजकूर सगळ्यांचा, जागा मालकाची. हे ऐकून मला चाळ आठवली, पण ते राहू दे.

तर त्या गिटहबवर प्रत्येकाच्या नावाचं एक पान असतं. पानावर वर्षाच्या सगळ्या दिवसांचे लहान लहान चौकोन. ज्या दिवशी काम उघड्यावर टाकलं तो चौकोन हिरवा. जास्त काम, जास्त गडद हिरवा. आमच्या भावाचं पान उघडलं तर आणे पठार. मे महिन्यातलं. एक हिरवं पातं नाही.

तो म्हणाला, "सर, चार वर्षांचा कोड कंपनीचा आहे. कुलपात आहे. बाहेर दाखवणार नाही असं सही करून दिलंय."

समोरचा म्हणाला, "ते नोकरीचं झालं. घरी काय करतोस? शनिवार-रविवार? आम्हाला पॅशन असलेली माणसं लागतात."

दोन दिवसांनी मेल आली. छान इंग्रजी होतं.

तो शिवडीला माझ्या खोलीवर आला. रात्रभर बसलो. मी म्हणालो, माझ्याकडे बघ, मी कवी आहे. कविता मी फुकट लिहितो, मासिकं फुकट छापतात, कधी पोस्टाचा खर्चही मीच करतो. पण गोदीत कामाला घेताना मुकादमाने मला कधी विचारलं नाही, की गेल्या रविवारी तू फुकट किती पोती उचललीस? पॅशन म्हणून?

तो हसला. मग म्हणाला, "दादा, पण त्यात एक गोष्ट चांगली पण आहे." आणि त्याने जे सांगितलं ते मी तुमच्यासमोर प्रामाणिकपणे ठेवतो. कारण नुसत्या शिव्या द्यायला मला जुन्नरपर्यंत यायची गरज नव्हती. शिवडीत बसूनही देता आल्या असत्या.

तो म्हणाला, तिथे आडनाव लागत नाही. कुठलंही टोपणनाव घ्या. कुणी विचारत नाही कुठल्या कॉलेजचा, कुठल्या वाडीचा. तुम्ही लिहिलेल्या दहा ओळी चालतात की नाही, एवढंच बघतात.

हे ऐकून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कारण दुसरी पद्धत काय आहे ते आपल्याला माहीत आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास छापला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी कंपन्यांच्या जाहिराती बघून ६६ आठवडे अर्ज पाठवले. ५४८ जाहिराती, ४८०८ अर्ज. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, बदललं फक्त नाव. सवर्ण आडनावाच्या मानाने दलित आडनावाला बोलावणं यायची शक्यता दोन-तृतीयांश. मुसलमान नावाला एक-तृतीयांश. अर्जावर जातीचा रकाना नव्हता, बरं का. आडनाव पुरलं. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी बड्या कंपन्यांत माणसं भरणाऱ्या साहेबांना गाठलं. साहेब जात मानत नाहीत. साहेब फक्त ‘घरची पार्श्वभूमी’ विचारतात. बाप काय करतो, भाऊ काय करतो, घरात इंग्रजी बोलतात का. बाप नारायणगावला क्रेट उचलतो हे सांगितल्यावर साहेबाच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते ज्याने पाहिलंय त्याला अभ्यासाची गरज नाही.

तेव्हा आडनावापेक्षा काम बघा, ही मागणी आपलीच आहे. ती बड्या कंपनीच्या तोंडून आली म्हणून खोटी ठरत नाही. उघड्यावर केलेल्या कामात माणूस बराच दिसतो. तो चूक कशी कबूल करतो. दुसऱ्याने चूक काढली तर चिडतो की समजून घेतो. नवख्याने अडाणी प्रश्न विचारला तर त्याला हाकलतो की बसवून सांगतो. हे डिग्रीच्या कागदावर दिसत नाही. फळ्यावर कोडी घालून तर अजिबात नाही.

मग दुखतंय कुठे?

काल आम्ही दोघं लेण्याद्रीला गेलो होतो. गणपतीला नव्हे. त्या पायऱ्या चढून लोक गणपतीला जातात, आम्ही बुद्धाच्या लेण्यांना गेलो. जुन्नरच्या भोवती डोंगरांत दोनशेहून जास्त कोरीव खोदकामं आहेत. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा. दोन हजार वर्षांपूर्वीची. भिंतींवर ब्राह्मीत लेख आहेत आणि त्यांत नावं आहेत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची टाकी दिली, असा लेख आहे. बांबूचं काम करणाऱ्यांची श्रेणी, काशाचं काम करणाऱ्यांची श्रेणी, त्यांच्याकडे ठेवलेल्या दानाचा लेख आहे. यवन आलेले, त्यांचीही नावं आहेत. जातीने अजून गळा धरला नव्हता तेव्हाचं हे गाव, हातकाम करणाऱ्याचा धंदा दगडावर मानाने कोरलेला. मी बराच वेळ बघत राहिलो.

भाऊ म्हणाला, "दादा, हे गिटहबच आहे. नाव आणि काम, कायमचं."

मी म्हणालो, नीट बघ. दान देणाऱ्याचं नाव आहे. छिन्नी मारून मारून हा डोंगर पोखरला त्याचं नाव मला तरी कुठे दिसलं नाही. भिंतीवर नाव यायला आधी गाठीला काहीतरी जास्तीचं असावं लागतं. पोट भरून उरलेलं. जुन्नरी कागदाचंही तेच. याच गावातल्या कागद्यांनी केलेला कागद पेशव्यांच्या दप्तरात गेला. लिहिणाऱ्याचं नाव त्यावर आहे, ज्यांनी चिंध्या कुटून तो केला त्यांचं नाही.

गिटहबच्या भिंतीवर जे दान द्यावं लागतं ते पैशाचं नाही. वेळेचं आहे. आणि वेळ कुणाकडे उरतो?

भावाचा आठवडा सांगतो. कॉटबेसिसवर राहतो, एका खोलीत सहाजण. सकाळी आठला निघतो, रात्री नऊला येतो. लॅपटॉप कंपनीचा, त्यावर स्वतःचं काम करायला बंदी. स्वतःचा होता तो बहिणीला दिला, तिची परीक्षा आहे. शनिवारी रात्री गावी. कारण काकांची कंबर गेलीय आणि हंगामात गाळ्यावर त्यांच्या जागी कुणीतरी उभं राहावं लागतं, नाहीतर जागा जाते. रविवारी दुपारपर्यंत क्रेट. संध्याकाळची एसटी. यात हिरवा चौकोन कुठे उगवायचा, सांगा. आणि हा पुरुष आहे. बाईचा रविवार कसा जातो ते आपण सगळे जण चांगलं जाणतो, कारण तिने केलेलं आपणच खातो. गिटहबनेच २०१७ साली ओपन सोर्समधल्या लोकांची पाहणी केली. उत्तर देणाऱ्यांत ९५ टक्के पुरुष, ३ टक्के बाया. जातीचा रकाना त्यात नव्हता. आपल्याला रकान्याची गरज नाही, वेळ कुणाकडे आहे ते विचारलं की पुरे.

आणि आडनाव लागत नाही म्हणतात, तेही पूर्ण खरं नाही. त्याच २०१७ साली अमेरिकेतल्या अभ्यासकांनी गिटहबवर पाठवलेल्या दुरुस्त्यांची मोजदाद छापली. बाई आहे हे कळत नव्हतं तेव्हा अनोळखी बायांच्या दुरुस्त्या जास्त घेतल्या जात. नावाफोटोवरून कळलं की स्वीकार उतरे. म्हणजे भिंत उघडी आहे, पण भिंतीपाशी बसलेल्याला डोळे आहेत.

आता हा रविवार कुठून आला ते आठवा. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, फुल्यांचा माणूस. मुंबईच्या गिरणी कामगारांना त्यांनी उभं केलं, तेव्हा कुठे १८९० च्या १० जूनला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी कबूल केली. त्याआधी रविवार नव्हता. आणि १९४६ साली कारखान्यातल्या कामाची आठवड्याची मर्यादा ५४ तासांवरून ४८ वर आली, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं कुणाकडे होतं? बाबासाहेबांकडे. ते सहा तास आणि तो रविवार कुणाच्या बापाने भीक म्हणून दिलेला नाही. आज त्याच रविवारवर एसी खोलीतला साहेब बोट ठेवतो, पगार न देता मागतो आणि म्हणतो, पॅशन. अरे, वेठीला नवं नाव दिलं तुम्ही. आमच्या आज्याला महार म्हणून गावकीचं काम फुकट करावं लागायचं, त्याला पण ‘मान’ म्हणायचे!

यावर कुणी म्हणेल, ओपन सोर्सवाले तर सगळे हौशीने, घरचं खाऊन करतात. ही पण एक थाप आहे. लिनक्सच्या गाभ्याचं काम बघा. लिनक्स फाउंडेशनच्या २०१५ च्या अहवालात स्पष्ट आहे, ८० टक्क्यांहून जास्त काम पगारी माणसांनी केलेलं. कंपनीच पगार देते आणि म्हणते, हे उघड्यावर कर. आपल्याकडचंच घ्या. लोहित हा देवनागरीचा फॉन्ट, फुकट मिळणारा. तो सांभाळला रेड हॅटच्या पुण्यातल्या ऑफिसातल्या माणसांनी. चांगलं काम, मराठीवर उपकार. पण नोकरी म्हणून केलेलं काम. त्यांचे चौकोन ऑफिसच्या वेळेत हिरवे झाले आणि त्यात गैर काही नाही. गैर एवढंच की एकाचं नोकरीतलं काम उघड्यावर म्हणून ते ‘पॅशन’, दुसऱ्याचं नोकरीतलं काम कुलपात म्हणून तो ‘नुसता नोकरदार’. कुलूप त्याने लावलंय का?

बरं, चौकोन मोजायला लागलात की काय होतं तेही बघा. शिवनेरीवर गेलात तर भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावं दिसतील. बदाम, बाण, अमुक लव्ह तमुक. शिवाजी जन्मला तिथे आपलं नाव राहिलं पाहिजे, एवढीच हौस. २०२० च्या ऑक्टोबरात असंच झालं. दरवर्षी एक उपक्रम असतो, हॅक्टोबरफेस्ट. तेव्हा ठराविक दुरुस्त्या पाठवल्या की टी-शर्ट फुकट मिळायचा. त्या वर्षी टी-शर्टसाठी इतक्या निरर्थक दुरुस्त्यांचा पाऊस पडला की सांभाळणारे बेजार झाले, आणि चालू महिन्यातच नियम बदलावा लागला, की ज्याने आपण होऊन नाव घातलंय त्याच्याच कामावर या दुरुस्त्या धरल्या जातील. २०२४ मध्ये एक्स्प्रेस नावाच्या मोठ्या प्रोग्रामवर आपल्या देशातल्या पोरांची झुंबड उडाली. शिकवणीच्या व्हिडिओत दाखवलं होतं तसंच करून शेकडो जणांनी माहितीच्या पानात स्वतःचं नाव घालून पाठवलं. लोक त्यांना हसले. मला हसू आलं नाही. त्या पोरांना कुणीतरी सांगितलंय की भिंतीवर नाव असेल तर भाकरी मिळते. मग ती भिंतीवर नाव लिहिणारच. खिळा त्यांच्या हातात तुम्ही दिलात.

आणि नाव चांगलं, काम चांगलं, म्हणून माणूस चांगला, हेही धरून चालू नका. एक्सझेड नावाचा लहानसा प्रोग्राम आहे, फाइली दाबून छोट्या करणारा. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतो. सांभाळणारा एकटा माणूस, फुकट, थकलेला. ‘जिया तान’ नावाचं कुणीतरी आलं. दोनेक वर्षं नम्रपणे, नियमित, चांगल्या दुरुस्त्या पाठवत राहिलं. चौकोन हिरवेगार. हळूहळू किल्ली हातात आली. आणि २०२४ च्या मार्चमध्ये कळलं की त्याने आत चोरदरवाजा बसवलाय. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला आपलं मशीन अर्धा सेकंद उशिरा उत्तर देतंय हे खटकलं, त्याने पिच्छा पुरवला, म्हणून सापडलं. जिया तान कोण होता, एक होता की दहा, सिद्ध झालेलं नाही. मुलाखतीच्या टेबलावर त्याचं पान ठेवलं असतं तर आमच्या भावाच्या आधी त्याला घेतलं असतं. त्याला पॅशन भरपूर होती. या गोष्टीत मला चोरापेक्षा तो थकलेला माणूस जास्त दिसतो. सगळ्या जगाचं ओझं फुकट डोक्यावर, आणि मदतीला आला तो हा.

आता गोदीचं सांगतो.

माझा आजा आंबेगाव तालुक्यातनं मुंबईला गेला. तेव्हा गोदीत टोळीवाल्याचं राज्य. सकाळी गेटवर गर्दी, टोळीवाला बोटाने माणसं उचलणार. तू ये, तू ये, तू उद्या ये. कशावरून? दंड बघून, गाव बघून, जात बघून, आणि काल संध्याकाळी दारूचे पैसे कुणी दिले ते बघून. आजा सांगायचा, काही जण आदल्या दिवशी टोळीवाल्याच्या घरचं पाणी भरायचे, लाकडं फोडायचे. फुकट. आपण कामाचे आहोत हे दिसावं म्हणून. मी परवा हे भावाला सांगितलं तेव्हा तो गप्प झाला.

मग १९४८ चा गोदी कामगारांचा कायदा आला. १९५१ ला मुंबईत डॉक लेबर बोर्डाची योजना. नाव नोंदलं, कार्ड मिळालं, काम पाळीने. आणि जहाज नसेल त्या दिवशी हजर राहिल्याबद्दल पैसे. आजा ते कार्ड कापडात गुंडाळून ठेवायचा. १९९४ मध्ये बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, कंटेनर आले, माणसं घटली, आणि मी पुन्हा ठेकेदाराच्या बोटाखाली उभा आहे. तो वेगळा विषय, त्यावर एक दिवस वेगळा बोलेन, आवाज चढेल.

पण आजही माझ्या ठिकाणी क्रेनवाला नवा घ्यायचा असला की त्याला एक लोड उचलायला लावतात. स्टीलची कॉइल. खाली इशारा देणारा जुना माणूस. कॉइल झुलते का, खाली ठेवताना आपटते का, इशारा मिळाल्यावर थांबतो का, अर्ध्या पाळीत सगळं समजतं. आणि त्या दिवसाची हजेरी त्याला मिळते, घेतला नाही तरी मिळते. आमचा ठेकेदार काही संत नाही. पण त्यालाही कळतं की माणसाचं काम बघायचं असेल तर त्या बघण्याचे पैसे द्यावे लागतात.

हे मी आता तुमच्यातल्या काही जणांना उद्देशून बोलतोय. मला माहीत आहे, आपलीच काही पोरं आता टेबलाच्या पलीकडे बसतात. टीम लीड झालीत. अभिमान आहे. पण परवा एकाने मला चहा पिताना सांगितलं, "काय करणार, तीनशे अर्ज येतात, गिटहब नसेल तर मी बाजूला ठेवतो, वेळ वाचतो." मी त्याला काही बोललो नाही, चहा त्याचा होता. आता बोलतो. भावा, तुझा वेळ वाचतो तो त्याच्या रविवारातून वाचतो. तू स्वतः कसा आलास ते आठव. तुझं पान पहिल्या वर्षी हिरवं होतं का?

बघायचंच ना काम? मग अर्धा दिवस बोलाव, पैसे दे, तुमच्याच प्रोग्राममधली एखादी खरी चूक त्याच्यापुढे ठेव. शेजारी बस. कुलपातल्या कामाबद्दल विचार. कुलूप न उघडताही माणूस सांगू शकतो, की काय अडलं होतं, कसं सोडवलं, कुठे फसलो. ज्याने केलंय तो सांगताना हात हलवतो. आणि ज्याचं काम उघड्यावर आहे त्याचं जरूर बघ, पण चौकोन मोजू नकोस. एक तुकडा घे आणि वाच. वाचायला तुला वेळ नाही म्हणून तर तू मोजतोस.

मग कुणी विचारेल, आपल्या पोरांनी ओपन सोर्स करायचंच नाही का? करा ना. गूगलचा उन्हाळी कार्यक्रम २००५ पासून आहे, आउटरीची नावाचा आहे, जिथे मागे राहिलेल्यांना या कामाचे पैसे देतात. अर्ज करा, एकमेकांचे अर्ज तपासून द्या. आणि आपलं म्हणून काही करा. साहेबाला दाखवायला नव्हे.

भावाचंच सांगतो आणि संपवतो. टोमॅटो बाजारात प्लास्टिकच्या क्रेटची भानगड मोठी. शेतकरी रिकामे क्रेट घेऊन जातो, भरून आणतो, काही परत येतात, काही फुटतात, काही शेजाऱ्याकडे जातात. हंगामाच्या शेवटी कुणाकडे किती बाकी यावरून मारामाऱ्या. काका गाळ्यावर हमाल, त्यामुळे हरवलेला क्रेट पहिल्यांदा हमालाच्या नावावर. म्हणून या पोराने मोबाइलवर चालणारा एक प्रोग्राम केला. क्रेट गेला की एक टिचकी, आला की एक टिचकी, मराठीत. तीन हंगाम तो गाळा त्यावर चालतोय. काकांच्या पगारातून क्रेटची कपात बंद झाली. मुलाखतीत हे का सांगितलं नाहीस, म्हणून मी त्याला झापला. तर म्हणतो, "दादा, ते काय काम आहे का? ते घरचं होतं."

त्याच रात्री शिवडीच्या खोलीत माझ्या मोबाइलचं नेट घेऊन त्याने ते गिटहबवर टाकलं. मराठीतच. हिशेबाची खरी नावं काढून. तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. गेल्या मंगळवारी कुणा अनोळखी माणसाची दुरुस्ती आली, एका ओळीची. दुसऱ्याचे क्रेट चुकून आपल्याकडे जमा झाले की बाकी शून्याच्या खाली जात होती, ते त्याला दिसलं. माणूस कोण, कुठला, बाई की बाप्या, पत्ता नाही, टोपणनाव आहे. भावाने दुरुस्ती तपासली, आभार लिहिले, घेतली. गाळेवाला म्हणाला, आता जुळतंय.

नोकरी अजून नाही. सोमवारी औंधला एक मुलाखत आहे. आज रविवार, संध्याकाळची एसटी त्याला गाठायचीय, आणि त्याआधी गाळ्यावर दोन तास उभं राहायचंय. मीही बरोबर जातोय, क्रेट उचलायला. जय भीम.